सुंडबोर्नचं लाल घर

घरकर्जाच्या फायली तपासण्यात माझ्या नोकरीची निदान बारा वर्षं गेली. बँकेत या कामाला फारशी प्रतिष्ठा नव्हती, पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला त्याहून चांगली खुर्ची मिळणं कठीण. घर घेणारा माणूस अर्जात उत्पन्न लिहितो आणि बोलता बोलता स्वप्नं सांगून टाकतो. किंमत, स्टँप ड्युटी, नोंदणी असं सगळं ओढाताण करून जमवल्यावर हा माणूस हमखास आवाज थोडा खाली आणून विचारायचा, की आतल्या सजावटीसाठी आणखी काही मिळेल का. मग खिशातून कंत्राटदाराचं अंदाजपत्रक निघायचं. भिंतभर शोकेस, टीव्हीचं युनिट, फॉल्स सीलिंग, सनमायका, जाड पडदे. गंमत अशी, की डोंबिवलीच्या कारकुनाची यादी आणि साताऱ्याच्या प्राध्यापकाची यादी एकमेकींवर ठेवली तर कार्बन पेपर घालून काढल्यासारखी जुळायची. आजोबांची आरामखुर्ची, आजीची गोधडी, गावच्या घरातला लाकडी पाट यांना त्या याद्यांत कुठेच जागा नसे. त्या बहुतेक वेळा जुन्या घराबरोबर भंगारवाल्याकडे जात.

या याद्या वाचताना मला एका स्वीडिश चित्रकाराची आठवण व्हायची. कार्ल लार्सन त्याचं नाव. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच्या चित्रांचं एक पुस्तक मला मिळालं होतं. त्यात राजवाडे नव्हते, देवदेवता नव्हत्या. होत्या फक्त एका घरातल्या खोल्या, आणि त्या खोल्यांत शिवणारी, झाडांना पाणी घालणारी, लोणी घुसळणारी, शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवलेली माणसं आणि मुलं. जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वी या चित्रांनी युरोपातल्या मध्यमवर्गाला स्वतःच्या घराकडे नव्याने पाहायला लावलं. हे घर कसं झालं आणि कोणी केलं, त्याची ही हकिगत.

कार्लचा जन्म २८ मे १८५३ रोजी स्टॉकहोमच्या जुन्या शहरात, गाम्ला स्तानमध्ये झाला. घर म्हणण्यासारखं काही नव्हतंच. वडील मिळेल ती मजुरी करणारे, जहाजावर भट्टीत कोळसा टाकण्याचंही काम त्यांनी केलं. दारू आणि संताप हे त्यांचे दोन सोबती. मुलगा जन्मला तो दिवस वाईट, असं ते मुलाच्या तोंडावर बोलत. आई लोकांचे कपडे धुऊन संसार ओढायची. पुढे हे कुटुंब शहराच्या गरीब वस्तीत गेलं, जिथे एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं राहत. उपासमार, कॉलरा, मारामाऱ्या हे सगळं या मुलाने उंबऱ्याशी पाहिलं. म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हाही त्या खोल्यांचा वास त्याच्या नाकातून गेलेला नव्हता. पुढच्या सगळ्या उजेडाच्या चित्रांमागे ही काळी भिंत आहे, ती लक्षात ठेवायला हवी.

गरिबांच्या शाळेतल्या एका शिक्षकाने या मुलाचा हात ओळखला आणि तेराव्या वर्षी त्याला कलेच्या राजकीय अकादमीच्या प्राथमिक वर्गात जायला लावलं. सुरुवातीला तिथे तो पार बुजून गेला. नंतर विनोदी साप्ताहिकात व्यंगचित्रं, सचित्र नियतकालिकांत रेखाटनं असं काम मिळत गेलं आणि विशी गाठताना तो आईवडिलांना पैसे देऊ लागला. १८७७ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे मोठमोठी तैलचित्रं रंगवायची, प्रदर्शनात पाठवायची आणि ती परत यायची, असं काही वर्षं चाललं. तो अगदी खचत चालला होता.

१८८२ मध्ये तो पॅरिसजवळच्या ग्रे या खेड्यात गेला. तिथे स्कँडिनेव्हियन चित्रकारांची एक वसाहतच होती. या खेड्यात दोन गोष्टी घडल्या. त्याने तैलरंग बाजूला ठेवून जलरंग हातात घेतले आणि त्याचे रंग एकदम हलके, पारदर्शक झाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला कारिन भेटली.

कारिन बेर्यो ही हाल्सबेर्गच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १८५९ चा. ती स्वतः चित्रकार होती, आणि हौसेपुरती नव्हे. स्टॉकहोमच्या अकादमीत पाच वर्षं शिकून ती पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला आली होती. १८८३ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी पहिली मुलगी सुझान झाली. १८८४ ते १९०० या सोळा वर्षांत कारिनला आठ मुलं झाली. त्यातलं एक, मात्स, दोनच महिन्यांचं असताना गेलं. लग्नानंतर तिने कॅनव्हास हळूहळू बाजूला ठेवला. त्या सोळा वर्षांचा हिशोब मांडला तर वेळ कुठे गेला हे समजायला फार हुशारी लागत नाही.

१८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी या जोडप्याला एक लहानसं लाकडी घर दिलं. डालार्ना प्रांतात फालून शहराजवळ सुंडबोर्न नावाचं खेडं आहे, तिथे. बेर्योंच्या नात्यातल्या वयस्क स्त्रिया आधी तिथे राहत असत. घराचं नाव लिल्ला हित्नेस. लिल्ला म्हणजे धाकटं, आणि हित्ता म्हणजे धातू वितळवण्याची भट्टी. फालूनला तांब्याची प्रचंड खाण होती आणि आजूबाजूला अशा भट्ट्या होत्या. हे घर जुन्या भट्टीच्या मळीवरच उभं होतं. समोर नदी, अंगणात बर्चची झाडं. लाकडाच्या ओंडक्यांचं, कमी उंचीच्या छताचं, शेतकऱ्याचं असावं तसं घर.

कार्ल तेव्हा गॉथेनबर्गच्या चित्रशाळेत शिकवत होता. हातात पैसा बेताचा, घरात मुलं वाढत चाललेली. तेव्हा हे घर त्यांचं उन्हाळ्याचं घर झालं, आणि १९०१ पासून कायमचं. मधल्या काळात आणि त्यानंतरही ते वाढत राहिलं. गरज पडली की एक खोली जोडायची, एक भिंत पाडायची, आधीच्या चित्रशाळेचं कामाचं दालन करायचं, असं वीसेक वर्षं चाललं. गावातले सुतार, लोहार, रंगारी हेच कारागीर. नकाशा काढणारा वास्तुविशारद नाही. त्यामुळे घराला बाहेरून एक सरळ रेघ म्हणून नाही, आणि आतून प्रत्येक खोली वेगळ्या तऱ्हेची.

त्या काळातलं स्वीडनमधलं सभ्य घर कसं असे, ते आधी सांगायला हवं. दिवाणखाना फक्त पाहुण्यांसाठी. त्यात गडद रंगाचा मखमली सोफा, खिडक्यांवर जमिनीपर्यंत लोळणारे जाड पडदे, कुंडीत पाम, कपाटात कोणी न वापरलेली भांडी. ज्या देशात हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो, तिथे श्रीमंतीची खूण म्हणून लोक खिडक्या झाकून बसत. मुलांना त्या खोलीत येऊ देत नसत. आपल्याकडच्या शोकेसवाल्या हॉलमध्ये पाहुणे आल्यावरच सोफ्यावरची चादर काढतात, ते आठवलं की फार लांबचं वाटत नाही.

लार्सन दांपत्याने आधी पडदे काढले. खिडकीच्या वरच्या कडेला एक बारीक कापडी झालर ठेवली आणि खाली ओळीने कुंड्या मांडल्या. उजेड आत यावा, त्यात झाडं वाढावीत आणि तीच खिडकीची शोभा. याला खर्च जवळपास शून्य. कार्लच्या एका सुंदर चित्रात थोरली सुझान झारी घेऊन या कुंड्यांना पाणी घालते आहे. बाकी खोलीत पाहण्यासारखं तसं काही नाही, आणि तरी नजर तिथून हलत नाही.

मग फर्निचर. घरात जे होतं ते नात्यातून आलेलं, गावात जुनं म्हणून मिळालेलं, एकाला एक न जुळणारं. नवा संच घेण्याची ऐपत नव्हती, आणि माझ्या मते इच्छाही नव्हती. त्यांनी सोपी युक्ती केली, सगळ्याला रंग दिला. जेवणाच्या खोलीत लाल आणि हिरवा, बैठकीच्या खोलीत पांढरा. अठराव्या शतकातल्या जुन्या खुर्च्या होत्या, त्यांना पांढरा रंग देऊन वर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुती अभ्रे चढवले. हे अभ्रे काढून धुता येत. सात मुलांच्या घरात त्याचं मोल काय, ते गृहिणींना सांगायला नको. निरनिराळ्या घरांतून आलेल्या खुर्च्या एका रंगाने एका कुटुंबातल्या झाल्या.

रंगाबद्दल थोडं सांगतो. स्वीडनमधली खेड्यांतली घरं बाहेरून एका विशिष्ट मातकट लाल रंगाची असतात. तो रंग फालूनच्याच खाणीतला. तांबं काढून उरलेल्या टाकाऊ मातीतून लोहाचा लाल भुगा मिळतो. तो पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल यांच्याबरोबर उकळून हा रंग तयार होतो. राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, तिकडचं गव्हासारखं धान्य. लाकूड टिकतं, खर्च कमी. खाण १९९२ मध्ये बंद झाली, पण हा रंग अजून बनतो. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला आपला गेरू आठवला. ठाणे-पालघरकडच्या आदिवासी घरांच्या भिंती, तुळशीवृंदावनाचा कट्टा, कुंड्यांची ओळ, सगळं त्याच लाल मातीचं. आपण मात्र तो रंग गावाकडे ठेवून आलो आणि शहरात येऊन कंपनीच्या पुस्तकातला क्रमांक निवडायला शिकलो.

कार्लचा हात भिंतींवर आणि दारांवरही फिरत असे. दाराच्या फळीवर मुलीचं चित्र, भिंतीच्या वरच्या कडेला फुलापानांची माळ, प्रवेशदारावर येणाऱ्याचं स्वागत करणाऱ्या ओळी. मला यातली एक गोष्ट विशेष आवडते, की घरातली सजावट घरातल्याच माणसांची होती. पाहुण्यांना परदेशातून आणलेली बाहुली दाखवायची नव्हती. ब्रिता कशी दिसते, ते दार उघडतानाच दिसायचं.

कापडाचं सगळं खातं मात्र कारिनचं. आणि या घराचं खरं सौंदर्य, मी जितकं जास्त पाहिलं तितकं मला कापडातच दिसू लागलं. घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून, त्यांच्या पट्ट्या मागावर विणून केलेल्या लांबट सतरंज्या लाकडी फरशीवर अंथरलेल्या असत. ही पद्धत तिने शोधलेली नाही. स्वीडनच्या खेड्यांत ती रूढ होती, जशी आपल्याकडे गोधडी. पण शहरी बैठकीत अशी सतरंजी घालणं म्हणजे गरिबी उघडी टाकणं, असं लोक समजत. कारिनने ती बिनदिक्कत घातली. डालार्नाच्या शेतकरी बायकांचं विणकाम तिने जवळून पाहिलं, इंग्लंडहून येणारं ‘द स्टुडिओ’ हे कलाविषयक मासिक हे जोडपं वाचत असे, जपानी चित्रांची आवड दोघांना होती. पण तिने नक्कल कशाचीच केली नाही. जेवणाच्या खोलीसाठी तिने पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांवर एक वस्त्र विणलं. ते आज पाहिलं तर पन्नास वर्षं पुढचं वाटतं, इतकी त्यातली रूपं साधी आणि धीट आहेत. आपल्या आणि नवऱ्याच्या झोपण्याच्या खोल्यांमधल्या दाराला तिने एक पडदा केला, त्याला ‘प्रेमाचा गुलाब’ असं नाव आहे. उशांवर सूर्यफुलं, टेबलावर भरतकाम. स्वतःचे कपडेही तीच बेतायची. कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटचा तो जमाना, आणि ही सैल, सरळ झगे घालून वर मोठा ॲप्रन बांधून वावरायची. गरोदरपणात आणि घरकामात जे चालेल ते.

१९०६ च्या सुमारास तिने एक झुलती खुर्ची बेतली. सरळ पट्ट्यांची, कोणतंही नक्षीकाम नसलेली. गावच्या सुताराला ती इतकी विचित्र वाटली, की लोकांनी पाहू नये म्हणून त्याने ती रात्रीच्या अंधारात घरी पोचवली, असं सांगतात. ती खुर्ची आज त्या घरातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे.

आमच्या घरी यातलं थोडंसं झालं. बदल्यांच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी भाड्याचं नवं घर. खिळा मारायला घरमालकाची परवानगी लागे. माझ्या बायकोने सासूबाईंच्या विरलेल्या इरकली साड्यांचे काठ आणि पदर तेवढे काढून त्यांचे अभ्रे आणि दारावरच्या पट्ट्या शिवल्या. जळगाव असो की सोलापूर, पेट्या उघडून त्या लावल्या की घर आमचं होई. तिने लार्सनचं पुस्तक तोवर उघडूनही पाहिलं नव्हतं. अशा गोष्टी बायकांना कोणी शिकवाव्या लागत नाहीत. त्यांना फक्त त्या कमी दर्जाच्या आहेत असं कोणी शिकवू नये.

आता ही कीर्ती जगभर कशी झाली, ते पाहू. एका वर्षी ऐन उन्हाळ्यात सुंडबोर्नला सतत पाऊस लागला. बाहेर बसून निसर्ग रंगवणाऱ्या चित्रकाराचे हात बांधले गेले. तो घरात येरझारा घालू लागला, सगळ्यांवर चिडू लागला. तेव्हा कारिनने सुचवलं, की बाहेर जाता येत नाही तर घरच रंगव. हे कुटुंबात सांगितलं जाणारं निमित्त. दुसरंही एक सांगतात. पोंतुस या मुलाला जेवताना आगाऊपणा केला म्हणून टेबलावरून उठवून बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. कार्लने पाहिलं तो पोरगा कोपऱ्यात खुर्चीवर तोंड पाडून बसलेला आणि मागे ती पांढरी, निळ्या पट्ट्यांची खोली. त्याने ते चित्र काढलं. दोन्ही हकिगती खऱ्या असू शकतात. पाऊस पडत असला की मुलं आगाऊपणा करतातच.

१८९७ च्या स्टॉकहोम प्रदर्शनात ही जलरंगातली चित्रं लोकांपुढे आली. १८९९ मध्ये त्यांतल्या चोवीस चित्रांचं पुस्तक निघालं. नाव साधंच, ‘एक घर’. त्याच वर्षी स्वीडनमधल्या विचारवंत लेखिका एलन केय यांचं सर्वांसाठी सौंदर्य या विषयावरचं लेखन प्रसिद्ध झालं. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरासदारी नाही, कामगाराच्या दोन खोल्यांतही ते आणता येतं, नव्हे आणलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या विचारांना लार्सनचं घर हे हातात धरून दाखवता येणारं उदाहरण मिळालं. मग १९०९ मध्ये जर्मनीत ‘सूर्यप्रकाशातलं घर’ अशा अर्थाच्या नावाने एक स्वस्त पुस्तक निघालं आणि तीन महिन्यांत त्याच्या चाळीस हजार प्रती खपल्या. पुढे चाळीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. कार्ल आणि कारिन दोघंही थक्क झाली म्हणतात. कपडे धुणारीचा मुलगा युरोपभरच्या लोकांना घर कसं असावं ते दाखवत होता.

या यशाचा हिशोब बँकेच्या पद्धतीने तपासला तर मला एक नोंद खटकते. चित्रांतली खुर्ची, उशी, सतरंजी, पडदा, फुलांची मांडणी, मुलींचे झगे, यांतलं बहुतेक कारिनच्या हातचं किंवा तिच्या डोक्यातलं. कार्ल ते रंगवायचा आणि खाली सही त्याची. चित्र त्याचंच होतं, त्यामुळे सहीही त्याचीच असणार, यात फसवणूक काही नाही. तो तिचं कौतुकही करायचा, आपल्या पुस्तकांत तिला मानाने उभी करायचा. पण जगाने ती सगळी रक्कम एकाच खात्यात जमा केली. कारिन ही चित्रकाराची सुंदर बायको आणि आदर्श आई म्हणून ओळखली गेली. अनेक चित्रांत ती पाठमोरी आहे, किंवा मान खाली घालून काहीतरी शिवते आहे. घरात कामाला मोलकरणीही होत्या, त्याही चित्रांत दिसतात, आणि त्यांच्याशिवाय सात मुलांच्या त्या घराचा एक दिवसही गेला नसता. वापरलेल्या वस्तूंतून घडवलेलं घर स्वस्त असतं ते पैशाच्या बाजूने. हातांच्या बाजूने ते महाग पडतं, आणि ते बिल कोणाकडे जातं हे चित्रात दिसत नाही.

चित्रांत आणखीही काही दिसत नाही. १९०५ मध्ये थोरला मुलगा उल्फ अठरा वर्षांचा असताना वारला. कार्लला नैराश्याचे झटके येत, आणि ते वयाबरोबर वाढले. जुना मित्र, नाटककार स्ट्रिंडबर्ग याने १९०८ मध्ये आपल्या पुस्तकात कार्लवर आणि त्याच्या गाजलेल्या सुखी संसारावर अत्यंत विखारी हल्ला केला. हे सगळं सोंग आहे असा त्याचा रोख होता. कार्लच्या मनाला तो घाव फार लागला. स्ट्रिंडबर्ग मोठा नाटककार, पण या बाबतीत त्याने लबाडी आणि अपुरेपणा यांत गल्लत केली असं मला वाटतं. ज्याने लहानपणी एका खोलीत तीन बिऱ्हाडं पाहिली, त्याला उजेडाची खोली पुन्हा पुन्हा रंगवावीशी वाटली, यात सोंग कुठे आलं? पण ते घर म्हणजे तिथलं सगळं आयुष्य, असं समजणाऱ्या लाखो वाचकांचीही फसगत होत होती, हेही खरं.

स्वतः कार्लला घराची चित्रं ही आपली मोठी कामगिरी वाटत नव्हती. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या भिंतींवरची भव्य ऐतिहासिक चित्रं त्याला महत्त्वाची वाटत. त्यांतलं शेवटचं, प्राचीन काळी दुष्काळात राजाने स्वतःचा बळी दिला त्या प्रसंगाचं, त्याने १९१५ मध्ये पूर्ण केलं आणि संग्रहालयाने ते नाकारलं. त्यातून तो सावरला नाही. पुढे ते प्रचंड चित्र जपानमधल्या संग्राहकाकडे गेलं आणि १९९७ मध्ये त्याच संग्रहालयाने ते विकत घेऊन ठरलेल्या जागी लावलं. नकार मिळाल्यावर ऐंशी वर्षांनी. कार्ल २२ जानेवारी १९१९ रोजी वारला. शेवटचे दिवस त्याने आत्मचरित्र पुरं करण्यात घालवले. ते १९३१ मध्ये छापलं गेलं आणि वाचकांना प्रथमच कळलं, की उन्हाची चित्रं काढणारा हा माणूस कुठल्या अंधारातून आला होता.

१९९७ मध्येच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या घरावर मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या नावात कार्लबरोबर कारिनचंही नाव होतं, स्वीडिश शैलीचे जनक म्हणून दोघांचं. स्वस्त, हलकं, उजळ लाकडी फर्निचर विकणाऱ्या आयकिया या स्वीडिश कंपनीच्या शैलीचं मूळही अनेक जण या घरात शोधतात. तिचं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं आणि २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. मी सुनेबरोबर तिथे जाऊन आलो. खुर्च्या चांगल्या आहेत. पांढरं कपाट आहे, पट्ट्यांचं कापड आहे, चिंध्यांच्या सतरंजीसारखी दिसणारी सतरंजीही पाहिली. तिच्यातल्या चिंध्या कोणाच्या कपड्यांच्या होत्या हे मात्र विचारायची सोय नव्हती. नातवाने तिथे एका गोल दिव्याचा हट्ट धरला, तो घेतला. घरी आल्यावर त्याने स्केचपेनने त्यावर आमच्या सगळ्यांची तोंडं काढली. सून रागावली, मी त्याची बाजू घेतली.

कारिन नवऱ्यानंतर नऊ वर्षं जगली आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये वारली. मुलांनी आणि नातवंडांनी घर विकलं नाही, वाटून घेतलं नाही. वंशजांची एक संस्था ते सांभाळते आणि जगभरातून लोक ते पाहायला येतात. जेवणाच्या खोलीतला लाल-हिरवा रंग आहे, खिडकीत कुंड्या आहेत, दारांवर मुलांची चित्रं आहेत. घराचं आजचं नाव कार्ल लार्सनच्या नावाने आहे. आधी त्याची चित्रशाळा असलेली आणि मोठी चित्रशाळा बांधल्यावर घरच्या कामासाठी मोकळी झालेली एक खोली त्यात आहे. कारिनचा माग तिथे उभा आहे.